जन्मांध कोणाला म्हणावे?

महाभारताच्या आदिपर्वात धृतराष्ट्राच्या जन्माची कथा येते. विचित्रवीर्य निपुत्रिक मरण पावतो, सत्यवती व्यासाला पाचारण करते, आणि त्याचे उग्र रूप पाहून अंबिका डोळे मिटून घेते. बाहेर आल्यावर व्यास मातेला सांगतो की मुलगा दहा हजार हत्तींच्या बळाचा आणि विद्वान होईल, पण आईच्या दोषामुळे अंध जन्मेल. सत्यवती तत्काळ उत्तरते की अंध माणूस कुरूंचा राजा होण्यास योग्य नव्हे, तेव्हा दुसरा मुलगा दे. पुढचे सारे महाभारत या दोन वाक्यांच्या पोटात आहे, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त ठरू नये. पहिल्या वाक्यात आंधळेपणाचे कारण सांगितले जाते, दुसऱ्यात त्याचा परिणाम. कारण आईच्या माथी, परिणाम मुलाच्या.

काही वर्षांपूर्वी हा भाग वर्गात शिकवून झाल्यावर एक विद्यार्थी मागे थांबला. त्याने विचारले, “सर, जन्मांध म्हणजे जन्मताना आंधळा असलेला, की आंधळा होणार हे जन्मतःच ठरलेले असलेला?” प्रश्न मला व्याकरणाचा वाटला आणि मी समासाचा विग्रह करून दाखवला. त्याला रेटिनायटिस पिग्मेंटोजा हा दृष्टिपटलाचा आनुवंशिक विकार आहे, हे मला पुढे दोन महिन्यांनी कळले. त्याच्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे वाचनात आले त्यातले काही येथे मांडतो आहे. मी वैद्यकाचा अभ्यासक नाही. मात्र वंशावळी, पाठ, आणि एकाच मजकुराचे निरनिराळ्या काळी लावलेले अर्थ हा आपल्या अभ्यासाचा विषय आहेच, आणि या विकाराचा इतिहास बऱ्याच अंशी तसाच आहे.

प्रथम विग्रहाविषयी. तो प्रश्न केवळ व्याकरणाचा नव्हता, कारण एके काळी त्यावर घरेदारे आणि जमिनी अवलंबून होत्या. दायविभागातून कोणाला वगळावे याची यादी स्मृतींनी दिली आहे. मनूच्या यादीत जन्मतः अंध असा स्पष्ट शब्द आहे. याज्ञवल्क्याने नुसते अंध म्हटले आहे. अशांना वाटा नाही, मात्र त्यांचे पोषण करावे, अशी ही व्यवस्था. ब्रिटिश अमदानीत हिंदू कायदा न्यायालयांत आला तेव्हा उतारवयात दृष्टी गेलेल्या वारसालाही भाऊबंद अपात्र ठरवू पाहू लागले, आणि न्यायालयांना, त्यांत मुंबईचे उच्च न्यायालयही आले, या दोन वचनांची संगती लावावी लागली. त्यांनी कौल मनूच्या शब्दाला दिला. अपात्रता केवळ जन्मजात अंधत्वाला. नंतर आलेल्या अंधत्वाने हक्क जात नाही. एका उपपदाने किती घरांचे भवितव्य ठरवले असेल याची कल्पना करावी. ही अपात्रता १९२८ च्या कायद्याने बहुतांशी दूर केली, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने रोग, दोष वा व्यंग या कारणास्तव कोणालाही वारसा नाकारता येणार नाही असे स्वच्छ सांगितले.

याज्ञवल्क्याच्या व्यवस्थेत आणखी एक कलम आहे आणि ते साहित्याच्या विद्यार्थ्याने आवर्जून पाहावे असे आहे. वगळलेल्या माणसाचे पुत्र निर्दोष असतील तर त्यांना वाटा मिळतो. राज्य म्हणजे दाय नव्हे, हे मान्य. पण वारणावताच्या प्रकरणापूर्वी दुर्योधन बापापाशी जे गाऱ्हाणे मांडतो, की व्यंगामुळे तुमचे राज्य गेले, ते पांडूला मिळाले, आणि आता पांडूच्या मुलाला मिळाले तर आमचा वंश कायमचा बाहेर पडेल, त्यामागचे तर्कशास्त्र हेच नाही काय? आपण दुर्योधनाला दुष्टावा आणि मत्सर यांच्या खात्यात टाकून मोकळे होतो. बापाच्या डोळ्यांची शिक्षा मुलांनी का भोगावी, हा त्याचा सवाल मात्र त्याच्या स्वभावापासून वेगळा काढून पाहण्यासारखा आहे.

आता विकाराकडे वळू. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८५१ मध्ये ऑफ्थॅल्मोस्कोप हे उपकरण जगापुढे आणले आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ प्रथमच पाहता आला. त्यापूर्वी डोळा बाहेरून स्वच्छ दिसतो आणि माणसाला तर दिसत नाही, एवढेच म्हणता येई. या उपकरणातून काही रुग्णांच्या दृष्टिपटलावर काळ्या रंगद्रव्याचे, हाडाच्या सूक्ष्म पेशींसारखे शाखा फुटलेले ठिपके दिसले. डच नेत्रतज्ज्ञ डोंडर्स याने त्याच दशकात या विकाराला रेटिनायटिस पिग्मेंटोजा हे नाव दिले. ‘आयटिस’ या प्रत्ययाचा अर्थ दाह. येथे दाह मुळात नसतोच, म्हणजे नावच चुकीचे. पण ते रूढ झाले आणि राहिले.

दृष्टिपटलात मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी असतात आणि उजेडात रंग व तपशील टिपणाऱ्या शंकुपेशी. या विकारात बहुधा दंडपेशी आधी मरतात. मूल संध्याकाळी धडपडू लागते. मग दृष्टीचा परीघ कडांकडून आत येऊ लागतो आणि कित्येक वर्षांनी माणूस नळीतून पाहिल्यासारखे पाहू लागतो. समोरच्या पानावरचे बारीक अक्षर तो वाचू शकतो आणि वाटेतल्या स्टुलाला मात्र अडखळून पडतो. बघणाऱ्याला यात ढोंग दिसते. भारतातल्या अनेक भाषांत रातांधळ्या जावयाची विनोदी गोष्ट सांगितली जाते. सासुरवाडीला गेलेला जावई आपले व्यंग लपवण्यासाठी एकामागून एक थापा मारतो आणि प्रत्येक थापेसरशी अधिक फजीत होतो. आपण लहानपणी हसलो ते त्याच्या फजितीला. तो ते लपवतो का, हे गोष्टीत कोणी विचारत नाही, कारण उत्तर सर्वांना ठाऊक असते. ते कळले असते तर सोयरीक झाली नसती.

माझ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला यातले ढोंगाचे कलम आले. एका परीक्षा-कार्यालयाने त्याला लेखनिक नाकारला, कारण खिडकीशी उभे राहून त्याने सूचनाफलक वाचल्याचे तेथील एकाने पाहिले होते. वस्तुतः १९९५ च्या अपंगविषयक कायद्यातही दृष्टिक्षेत्र वीस अंशांपर्यंत आकुंचित झाले तर त्याला अंधत्वच म्हटले होते. २०१६ च्या कायद्याने ही मर्यादा दहा अंशांवर आणली आणि दहा ते चाळीस अंशांची पायरी अल्पदृष्टी म्हणून स्वतंत्र मान्य केली. कायद्याला जे कळले ते खिडकीला कळायला वेळ लागतो.

या विकारांचा वंशवृक्ष मांडण्याची सर्वांत प्रसिद्ध कथा फ्रान्समधली आहे. दक्षिण फ्रान्सात, माँपेलिए शहराजवळ, व्हाँदेमियाँ नावाचे गाव आहे. १६३७ मध्ये जन्मलेला झाँ नुगारे नावाचा खाटीक तेथे स्थायिक झाला. त्याला रात्री दिसत नसे. दिवसा दृष्टी ठीक. सूर्य मावळला की संपले. त्याचा रातांधळेपणा मुलांत उतरला, नातवंडांत उतरला. फ्लोराँ क्युनिए या नेत्रवैद्याने १८३८ मध्ये या घराण्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि सुमारे सत्तर वर्षांनी, १९०७ मध्ये, एडवर्ड नेट्लशिप या इंग्रज नेत्रतज्ज्ञाने तो वृक्ष आणखी वाढवून सलग नऊ पिढ्यांचा तक्ता छापला. त्यात दोन हजारांहून अधिक माणसे आहेत. नेट्लशिप तोवर व्यवसायातून निवृत्त झाला होता आणि उरलेले आयुष्य त्याने डोळ्यांच्या आनुवंशिक विकारांच्या वंशावळी गोळा करण्यात घालवले. या घराण्याचा विकार वाढत जाणारा नाही. तो जन्मभर जसाच्या तसा राहतो. म्हणजे रेटिनायटिस पिग्मेंटोजाहून तो वेगळा. हा फरक कळण्यासाठीही एवढ्या पिढ्या डोळ्यांखालून जाव्या लागल्या.

वंशावळ्यांची वाण आपल्याकडेही नाही. त्र्यंबकेश्वर, नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या उघडल्या तर पिढ्यानपिढ्यांची नावे सापडतात. वतनाच्या तंट्यांत दाखल केलेले वंशवृक्ष दप्तरांत पडून आहेत. पण त्यात कोणाला काय झाले होते हे नाही. शिवाय लेकी नाहीत. मुलगी लग्न होऊन गेली की ती आपल्या वृक्षातून गळते आणि सासरच्या वृक्षात अमक्याची पत्नी म्हणून उगवते. हा मुद्दा मी मुद्दाम येथे नोंदवून ठेवतो, कारण पुढे त्याकडे यायचे आहे.

नेट्लशिपच्या आधीच वंश आणि व्यंग यांची सांगड घालण्याचे काम सुरू झाले होते. रिचर्ड लीब्राइख याने १८६१ मध्ये बर्लिनमधील रुग्णांची पाहणी करून असे दाखवले की हा विकार जवळच्या नात्यात लग्ने झालेल्या कुटुंबांत अधिक आढळतो. त्याच्या निरीक्षणात तथ्य होते. दोन्ही पालकांकडून सदोष प्रत आली तरच जो विकार प्रकट होतो, तो नात्यातल्या लग्नांत अधिक दिसणार. इरावती कर्वे यांनी आपल्या नातेसंबंधविषयक ग्रंथात (१९५३) महाराष्ट्र हा उत्तर-दक्षिणेच्या मधला प्रदेश असल्याचे दाखवले आहे, आणि मामाची मुलगी करण्याची आपल्याकडची चाल हा त्याचा एक पुरावा मानला आहे. तेव्हा लीब्राइखचा मुद्दा आपल्यालाही लागू आहे. पण त्यावरून या विकाराला नात्यातल्या लग्नाचे फळ म्हणणे चूक. कित्येक घराण्यांत तो एकाच पालकाकडून येतो, कित्येकांत केवळ आईच्या बाजूने, आणि कित्येकदा सात पिढ्यांत नाते नसलेल्या जोडप्याच्या पोटी. असे असूनही डॉक्टरांच्या खोलीत पहिला प्रश्न लग्नाचा असतो आणि त्या प्रश्नात अंबिकेला दिलेला दोष अजून ऐकू येतो.

(लीब्राइखची आणखी एक ओळख आपल्या कामाची आहे. १८७२ मध्ये लंडनला दिलेल्या व्याख्यानात त्याने असे प्रतिपादन केले की चित्रकार टर्नरच्या उत्तरकालीन चित्रांतील धूसर झळाळी हा डोळ्यांतील दोषाचा परिणाम होय. कलाकृतीवरून कलावंताच्या रोगाचे निदान करणाऱ्या समीक्षापद्धतीचा तो एक मूळपुरुष. ही पद्धत मला नेहमीच आगाऊपणाची वाटत आली आहे.)

वंशवृक्ष हे निरुपद्रवी कागद नाहीत, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाने दाखवले. अमेरिकेतील ल्युशियन हाउ हा मोठा नेत्रतज्ज्ञ होता. नवजात अर्भकांच्या डोळ्यांतील संसर्गामुळे येणारे अंधत्व टाळण्यासाठी त्याने न्यूयॉर्क राज्यात कायदा घडवून आणला होता आणि त्यामुळे असंख्य मुलांची दृष्टी वाचली असणार. हाच हाउ पुढे सुप्रजननवादी चळवळीत शिरला. आनुवंशिक अंधत्वाच्या घराण्यातील माणसांच्या विवाहाला इतर नागरिकांना न्यायालयात हरकत घेता यावी, आणि लग्न करायचेच तर संततीच्या पोषणाचा भार समाजावर पडणार नाही यासाठी आधी जामीन-रक्कम ठेवावी, अशा विधेयकासाठी त्याने १९२० च्या दशकात खटपट केली. ते संमत झाले नाही. जर्मनीत मात्र १४ जुलै १९३३ रोजी आनुवंशिक रोग्यांच्या संततीला प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यातील नऊ कलमांच्या यादीत आनुवंशिक अंधत्व होते. यासाठी खास न्यायालये नेमली गेली, ज्यांच्यापुढे घराण्याच्या वंशावळी पुरावा म्हणून येत. या कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांचे सक्तीने निर्बीजीकरण झाले, त्यांत अंधांचा वाटा लहान होता, तरी होता.

हाउचा विचार करताना मी अडतो. तो खलपुरुष असता तर बरे झाले असते. अंधत्व कमी व्हावे ही त्याची तळमळ खरी होती. फक्त आंधळी माणसे कमी करणे म्हणजे अंधत्व कमी करणे, अशी त्याच्या मनात गल्लत झाली. ही गल्लत एकट्याची नव्हती, तिला त्या काळी विज्ञान म्हणत. १९२६ मध्ये त्याच्या देणगीतून हार्वर्डला जी नेत्रसंशोधन प्रयोगशाळा निघाली ती बोस्टनच्या डोळे व कानांच्या रुग्णालयात आहे. त्या रुग्णालयाचे नाव पुढे पुन्हा येईल.

याच काळात वंशपरंपरेने दृष्टी गमावणारे एक घराणे दक्षिण अमेरिकेत होते. बोर्हेसच्या वाचकांना ते ठाऊक असेल. त्याचे पणजोबा एडवर्ड यंग हॅझलम, आजी फॅनी हॅझलम, वडील होर्हे गिलेर्मो, सर्वांची दृष्टी गेली. पणजोबांच्या डोळ्यांवरील शस्त्रक्रियेचा वृत्तांत लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये आला होता, असे बोर्हेसने आत्मपर निबंधात नमूद केले आहे. त्याच्या स्वरात थोडा अभिमानही असावा. घराण्याचे पहिले छापील वाङ्मय वैद्यकीय नियतकालिकात निघावे, हे त्याला शोभणारेच. १९१४ मध्ये कुटुंब जिनिव्हाला गेले ते वडिलांच्या डोळ्यांवर तेथील तज्ज्ञाकडून उपचार व्हावेत म्हणून. महायुद्ध पेटले, कुटुंब अडकले, आणि मुलाचे शिक्षण फ्रेंच-जर्मन वातावरणात झाले. जो बोर्हेस आपण वाचतो तो असा एका आनुवंशिक व्याधीच्या उपचारयात्रेतून घडला आहे.

पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. वडिलांना लेखक व्हायचे होते आणि ते साधले नाही. मुलाने ते पूर्ण करायचे, हे त्या घरात कोणी न बोलता ठरलेले होते, असे तो लिहितो. म्हणजे एकाच माणसाकडून त्याला दोन वारसे आले, एक डोळ्यांचा आणि एक ग्रंथांचा, आणि पहिला दुसऱ्याला गिळायला टपलेला. १९५५ मध्ये तो अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक झाला त्या सुमारास त्याला छापील अक्षर वाचता येईनासे झाले होते. आपल्याआधी या पदावर बसलेले पॉल ग्रूसाक आणि होसे मार्मोल हेही आंधळे झाले होते, हे त्याला नंतर उमगले. १९७७ च्या एका व्याख्यानात तो अंधत्वाविषयी विस्ताराने बोलला आहे. पिवळा रंग शेवटपर्यंत सोबत राहिला, आणि ज्या काळोखात आंधळे राहतात असे डोळस समजतात तो काळोखच आपल्याला दुर्मीळ झाला, झोपताना त्याची उणीव भासते, असे त्यात त्याने सांगितले आहे. त्याच्या घराण्याच्या विकाराचे नेमके निदान करत बसण्यात मला रस नाही. लीब्राइखला नावे ठेवून मीच ते करणे बरे दिसणार नाही.

१९७० च्या आसपास या इतिहासात जो पालट झाला तो डॉक्टरांनी घडवला नाही. गॉर्डन गुंड हा तिशीचा अमेरिकन उद्योजक रेटिनायटिस पिग्मेंटोजाने पूर्ण आंधळा झाला. आशेच्या शेवटच्या टोकाला तो सोव्हिएत संघातील ओडेसा येथे उपचारासाठी एकटाच जाऊन राहिला. काही उपयोग झाला नाही. परतल्यावर त्याने पत्नी ल्युली, आणि दोन मुलींना हाच विकार असलेला बेन बर्मन नावाचा बाप, यांच्यासह व आणखी काही जणांच्या साथीने १९७१ मध्ये या विकारावरील संशोधनासाठी एक प्रतिष्ठान काढले. तेच पुढे फाउंडेशन फायटिंग ब्लाइंडनेस या नावाने ओळखले जाऊ लागले. १९७४ मध्ये त्यांच्या पाठबळावर एलियट बर्सन यांची बर्मन-गुंड प्रयोगशाळा सुरू झाली, ती बोस्टनच्या त्याच रुग्णालयात, जेथे हाउच्या नावाची प्रयोगशाळा अगोदरपासून होती. ज्यांच्या लग्नाला हाउने जामीन मागितला असता त्यांनीच शेजारच्या प्रयोगशाळेचे पैसे भरले.

इंग्लंडमध्ये लिंडा कँटर यांनी १९७० च्या दशकात रुग्णांची संस्था काढली. आज ती रेटिना यूके म्हणून ओळखली जाते. या संस्थांनी दोन गोष्टी केल्या आणि त्यांतली दुसरी इतिहासकारांकडून दुर्लक्षिली जाते. संशोधनाला पैसा दिला, ही पहिली. दुसरी अशी की माणसांना परस्परांची नावे कळू दिली. ज्या घरात ही गोष्ट चुलत घराण्यापासूनही लपवली जाई तेथे कोणी दूरध्वनी करून, मलाही हेच आहे आणि मी संध्याकाळी काठी घेऊन निघतो, असे सांगू लागले.

आयर्लंडमधील रुग्णांची संघटना १९८३ ची. तिने डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील पीटर हम्फ्रीज यांच्या संशोधनाला हात दिला. एका मोठ्या आयरिश कुटुंबाने आपला वंशवृक्ष आणि रक्ताचे नमुने दिले, आणि १९८९ मध्ये त्या घराण्यातील विकाराचे मूळ तिसऱ्या गुणसूत्रावर असल्याचे सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी बोस्टनच्या त्याच रुग्णालयातील थॅडियस ड्रायजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी र्‍होडॉप्सिन या दंडपेशीतील प्रकाशग्राही प्रथिनाच्या जनुकात दोष दाखवला. जनुकाच्या लिखितातील एक अक्षर बदललेले, त्यामुळे प्रथिनातील तेविसाव्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन आलेले. परस्परांशी नाते नसलेल्या १४८ रुग्णांपैकी १७ जणांत हाच बदल मिळाला.

पुण्याच्या भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा ज्यांनी थोडा अभ्यास केला आहे त्यांना हे परके वाटू नये. पोथ्यांची घराणी लावताना संपादक शुद्ध पाठांवर फारसे विसंबत नाही, कारण शुद्ध पाठ कोठूनही येऊ शकतो. समान चुका पाहून तो म्हणतो की या दोन पोथ्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या. अमेरिकेतील या तेविसाव्या जागेच्या रुग्णांबाबत नेमके असेच झाले. त्या बदलाच्या आजूबाजूचा मजकूरही जुळत असल्याने ते सारे कोणा एकाच विसरलेल्या पूर्वजाचे वंशज असावेत असे अनुमान निघाले. नाते नसलेले म्हणून निवडलेले रुग्ण नातलग निघाले. आणि व्हाँदेमियाँच्या खाटकाचे काय? १९९६ मध्ये त्याच्या हयात वंशजांच्या नमुन्यांवरून ड्रायजांच्याच चमूने फ्रेंच सहकाऱ्यांसह तो पाठभेदही शोधून काढला. र्‍होडॉप्सिनकडून आलेला संदेश पुढे पोहोचवणाऱ्या प्रथिनात एक बदल. सतराव्या शतकातल्या माणसाचे निदान साडेतीनशे वर्षांनी लागले.

उपचारांच्या बाबतीत प्रगती अशी सरळ झाली नाही. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारा रातांधळेपणा आपल्याकडे इतका परिचित आहे की संध्याकाळी अडखळणाऱ्या मुलाला आधी गाजर आणि शेवग्याची पाने मिळतात, आणि अभावाचा विकार असेल तर ते योग्यही आहे. आनुवंशिक विकारात मात्र त्याने वर्षे वाया जातात. तरीही बर्सन यांनी १९९३ मध्ये मोठ्या मात्रेतील ‘अ’ जीवनसत्त्वाने ऱ्हास थोडा मंदावतो असा निष्कर्ष मांडला, हजारो रुग्णांनी ते वर्षानुवर्षे घेतले, आणि २०२३ मध्ये त्याच संस्थेतून झालेल्या फेरतपासणीत त्या लाभाला आधार मिळाला नाही. स्वतःच्या घरातील संशोधकाचा निष्कर्ष असा तपासून पाहणाऱ्यांविषयी मला आदर वाटतो. आपल्या समीक्षेत हे क्वचित घडते.

खरे यश एका चिंचोळ्या वाटेने आले. आरपीई६५ नावाच्या जनुकातील दोषाने मुलांना अगदी लहानपणीच अंधत्व येते. या जनुकाचा संबंध १९९७ मध्ये कळला. याच दोषाने आंधळ्या जन्मलेल्या ब्रियार जातीच्या कुत्र्यांना शुद्ध जनुक डोळ्यात सोडून दिसू लागल्याचे २००१ मध्ये जाहीर झाले. माणसांवरील पहिले निष्कर्ष २००८ मध्ये आले आणि १९ डिसेंबर २०१७ रोजी अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली. दोन डोळ्यांची किंमत ठेवण्यात आली साडेआठ लाख डॉलर. आणि दृष्टिपटलाच्या आनुवंशिक विकारांशी निगडित जनुके आज अडीचशेहून अधिक ज्ञात आहेत, हा उपचार त्यांतल्या एकापुरता. त्यासाठीही आधी आपल्या घराण्यातला पाठभेद कोणता हे ठाऊक हवे, आणि पेशी पुरेशा जिवंत हव्यात.

माझ्या विद्यार्थ्याने ती तपासणी करावी असे त्याच्या डॉक्टरांनी सुचवले होते. घरातून विरोध झाला. धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे होते आणि कागदावर एकदा काही आले की ते कुठून कुठे जाईल याचा नेम नाही, असे वडिलांचे म्हणणे. मला ते प्रथम अडाणीपणाचे वाटले. हाउविषयी आणि १९३३ च्या कायद्याविषयी वाचल्यावर तसे म्हणवेना.

बहिणीचे लग्न झाल्यावर तो एकदा भेटायला आला तेव्हा त्याने पाठकोऱ्या कागदावर काढलेला वंशवृक्ष दाखवला. समुपदेशकाने काढून आणायला सांगितला होता. पुरुषांची नावे पणजोबांपर्यंत व्यवस्थित होती. आईच्या बाजूला आजोबांचे नाव आणि पुढे रेघ. दोन आत्या, एक मावशी, आजीच्या तीन बहिणी, यांच्यापुढे प्रश्नचिन्हे. काही घराण्यांत हा विकार आईच्या बाजूने उतरतो, बायकांना फारसा न जाणवता त्यांच्या मुलांत प्रकटतो, तेव्हा या प्रश्नचिन्हांशिवाय डॉक्टरांना पुढे जाता येत नव्हते. त्याने वडिलांना विचारले, आजोबांना विचारले. आजीच्या बहिणींची सासरची आडनावेही कोणाला सांगता येईनात. शेवटी आजीने सांगितले की मधल्या बहिणीला पंढरपूरच्या बाजूला दिले होते आणि तिचा थोरला मुलगा दिवेलागणीनंतर घराबाहेर पडत नसे, देवभोळा आहे म्हणायचे सगळे.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने तो तिकडे जाणार होता. परतायला अंधार होईल म्हणून बहीण आणि मेहुणे सोबत येणार होते.